वॉटर कूलिंग : पंखे आणि पंपासाठी वेगळा कंट्रोलर घ्यावा का?

संत्रानगरी
मंडळी, जरा तांत्रिक सल्ला हवाय.

नागपुरात घरूनच थ्रीडी रेंडरिंगचं काम करतो. मशीन असं: रायझन ९ ७९५०एक्स प्रोसेसर (सीपीयू), आरटीएक्स ४०९० ग्राफिक कार्ड, दोन्हींवर वॉटर ब्लॉक (चिपची उष्णता पाण्यात घेणारा ठोकळा), ३६० मिलिमीटरचे दोन रेडिएटर, सहा पंखे, एक डी५ पंप पीडब्ल्यूएमवाला (सिग्नलवर वेग बदलणारा). लूप (पाणी फिरण्याची बंद वाट) जोडला, हवेचा दाब देऊन गळती तपासली, पाणी भरलं, बुडबुडेही बऱ्यापैकी निघाले. गाडी अडलीय ती पंख्यांवर.

सहाही पंखे स्प्लिटर लावून मदरबोर्डच्या सीपीयू फॅन हेडरवर (पंख्याच्या पिनांवर) आहेत आणि बायोसमधला कर्व्ह, म्हणजे किती तापमानाला किती वेग ते, सीपीयूच्या तापमानावर. ब्राउझर उघडला की सगळे पंखे भर्रकन वर, लगेच खाली, परत वर. सीपीयूवर रेंडर लावला की ९५ अंश आणि पंखे फुल्ल. नुसत्या ग्राफिक कार्डावर लावला तर सीपीयू आरामात, म्हणून पंखेही आरामात, आणि नळ्या हाताला चांगल्या गरम लागतात.

वेगळा फॅन-पंप कंट्रोलर घ्यावा की मदरबोर्डवरच काही जमेल? घ्यायचा तर कोणता? आमच्याकडे मे महिन्यात खोलीतच ४० असतं हे धरून सांगा. एसी आहे, पण रात्रभर रेंडर चालतो त्या खोलीत लावून ठेवत नाही.

चहाबाज
पहिल्या रांगेत पॉपकॉर्न घेऊन बसलोय. चालू द्या.

नळकोंडाळं
संत्रानगरी, कंट्रोलरचं नंतर बघू. आधी पाण्यात एक तापमानाचा सेन्सर टाका.

तुमचे पंखे रेडिएटरमधल्या पाण्याची उष्णता काढतात. सीपीयूच्या चिपशी त्यांचा थेट संबंधच नाही. चिपचं तापमान सेकंदाच्या आत वीस अंश उडी मारतं. पाणी तसं करू शकत नाही. तुमच्या लूपमध्ये लिटरभर पाणी धरा. सीपीयू २३० वॉट आणि कार्ड ४५० वॉट, म्हणजे ६८० वॉट पूर्ण लोड. रेडिएटरनं एक थेंबही उष्णता बाहेर टाकली नाही असं धरलं तरी पाणी मिनिटाला साधारण १० अंशच चढेल. म्हणजे पंख्यांना विचार करायला भरपूर वेळ आहे. ब्राउझर उघडल्यावर बोंबलायची काही गरज नाही.

दुसरं म्हणजे ७००० मालिकेतले रायझन ९५ पर्यंत जाण्यासाठीच बनवलेत. वाव मिळाला की ते क्लॉक वाढवतात आणि ९५ ला चिकटतात. त्या आकड्यावर पंखे बांधले तर रेंडरमध्ये ते कायम फुल्लच राहणार, थंडीतसुद्धा. आणि कार्डाचा तुम्ही सांगितलेला घोळ त्याचीच दुसरी बाजू. बायोसला कार्डाचं तापमान दिसतच नाही. पाण्याला मात्र दोघांचीही खबर असते.

सेन्सर म्हणजे १० किलोओहमचा एनटीसी थर्मिस्टर (तापमानानुसार रोध बदलणारा), जी १/४ आट्यांच्या बुचात बसवलेला. रेडिएटरच्या किंवा रिझर्व्हायरच्या मोकळ्या पोर्टात बसतो. दोन तारांची शेपटी बाहेर येते. बोर्डवर त्यासाठी दोन पिनांचा हेडर आहे का बघा. असुसच्या बऱ्याच बोर्डांवर टी_सेन्सर असतो, गिगाबाइटच्या काहींवर ईसी_टेम्प. असेल तर बायोसमध्ये पंख्यांचा स्रोत म्हणून तोच निवडा, काम झालं. कंट्रोलरचे पैसे वाचले.

संत्रानगरी
मॅन्युअल उलटंपालटं करून बघितलं. बी६५० चा स्वस्तातला बोर्ड आहे, असा हेडर नाही.

कोकणी_कोळंबी
मला एक कळत नाही. चांगला ट्विन टॉवर एअर कूलर लावला असता तर हा धागाच निघाला नसता. पाणी आणि वीज एकत्र आणायची, वर त्यावर देखरेख करायला आणखी एक यंत्र आणायचं, त्या यंत्राला सॉफ्टवेअर, सॉफ्टवेअरला अपडेट. उद्या म्हणाल कंट्रोलर तापतो, त्याला पंखा कोणता लावू?

मुंबईची_संपादिका
कोळंबी, सीपीयूपुरतं तुमचं खरं आहे. पण ४५० वॉटचं कार्ड बंद खोलीत रात्रभर चालवून बघा आणि त्याच खोलीत आवाज रेकॉर्ड करून बघा. मी डबिंगच्या फाइली घरी तपासते. मला तापमानाचं काही पडलेलं नाही, सारखा वरखाली होणारा आवाज नको. एकसुरी घूं चालते, कान सरावतात. चढउतार नाही सहन होत.

चहाबाज
६८० वॉट म्हणजे खोलीत सहा-सात पाहुणे मुक्कामाला आल्यासारखंच झालं. बसलेला माणूस साधारण १०० वॉट टाकतो म्हणे. आणि हे पाहुणे चहा झाल्यावर उठतसुद्धा नाहीत.

टॅको
इलेक्ट्रॉनिक्स शिकवते, म्हणून वायरिंगपुरतं बोलते.

बोर्डवरचा साधा फॅन हेडर बहुतेक वेळा १ अँपिअरचा, म्हणजे १२ वॉटचा असतो. चांगला १२० चा पंखा ०.१ ते ०.२ अँपिअर घेतो. ०.१४ वाले सहा लावले तर ०.८४ होतात. चालतं, पण काठावर. सुरू होताना पंखा थोडा जास्त खेचतो हेही धरा. सहा पंखे म्हटलं की मी साटा पॉवरवरचा (पॉवर सप्लायमधून थेट वीज घेणारा) हब किंवा दोन हेडर वापरीन.

पंप त्या हेडरवरून बिलकूल चालवू नका. डी५ पूर्ण वेगात २३ वॉटपर्यंत जातो. त्याला एसएमपीएसमधून (पॉवर सप्लायमधून) साटा किंवा मोलेक्सची वीज वेगळी द्यायची आणि बोर्डाकडे फक्त दोन तारा जातात: टॅको (वेग किती ते कळवणारी) आणि पीडब्ल्यूएम (वेग ठरवणारी). तुमच्या पंपाचा चार पिनांचा कनेक्टर उलटा करून बघा. दोनच तारा दिसल्या तर ठीक आहे.

आणखी एक. तो हेडर बायोसमध्ये ‘डीसी’ वर नाही ना, बघून घ्या. पीडब्ल्यूएम म्हणजे १२ व्होल्ट कायम चालू, आणि चौथ्या तारेवर २५ किलोहर्ट्झचा सिग्नल वेग सांगतो. डीसीमध्ये व्होल्टेजच कमीजास्त होतं. तीन पिनांचे जुने पंखे असतील तर त्यांना डीसी लागतो, ते पीडब्ल्यूएमवर लावले तर बाराही महिने फुल्ल फिरतात.

संत्रानगरी
टॅकोताई, दोनच तारा आहेत, वीज साटामधून. हेडर ‘ऑटो’ वर होता, आता पीडब्ल्यूएम केला. पंप लगेच शांत झाला, इतके दिवस पूर्ण वेगात फिरत होता वाटतं.

मंद्र_सप्तक
अगागा, ४८०० आरपीएमचा डी५ आणि लाकडी टेबल! शेजाऱ्यांचा निरोप आला नाही का?

पंप एका वेगावर कायम ठेवा. कर्व्ह वगैरे काही नको. डी५ साधारण १८०० ते ४८०० फिरतो. बहुतेक लूपना २७००-३००० भरपूर होतात. हळूहळू वाढवत जा, कुठल्या तरी आकड्याला कॅबिनेटचा पत्रा गुणगुणायला लागतो, तो आकडा टाळा. पंपाखाली रबर किंवा जाड फोम घाला, पंप पत्र्याला थेट बोल्ट करू नका.

नळकोंडाळं
+१. वेग वाढवून किती फरक पडतो ते गणितानंच बघा. पूर्ण ६८० वॉट लोडला पाणी लूपभर फिरताना सगळ्यात गरम आणि सगळ्यात गार बिंदूत किती फरक राहतो? प्रवाह मिनिटाला १ लिटर असेल तर जवळपास १० अंश. ३ लिटर असेल तर सव्वातीन. ४ लिटर केला तर अडीचच्याही किंचित खाली. म्हणजे एकवरून तीनवर यायला मजा आहे, पुढे नुसता आवाज वाढतो. कार्ड आधी की सीपीयू आधी, रेडिएटर मध्ये की शेवटी, यावर लोक पानंच्या पानं भांडतात, त्या भांडणाचा जीवही एवढाच.

निवृत्त_फिटर
पोरांनो, आयुष्य रासायनिक कारखान्यात कूलिंग वॉटरच्या पंपांवर गेलं. तुमची खेळणी छोटी आहेत, पण रोग तेच आहेत.

पंप फिरतोय म्हणजे पाणी वाहतंय असं नसतं. आरपीएम ३००० दिसेल आणि आत हवा कोंडलेली असेल, ब्लॉकच्या बारीक खाचांत घाण अडकली असेल, नळी मुडपली असेल. पुरावा हवा तर फ्लो मीटर लावा. वाहतं पाणी दिसलं पाहिजे आणि त्याचा आकडा नोंदला गेला पाहिजे.

दुसरं, इंटरलॉक, म्हणजे बिघाड असेल तर यंत्र चालू न देणारी सोय. पंपाची टॅको तार कोणत्या हेडरवर आहे? सीपीयू फॅन हेडरवर ठेवा. पंप मेला तर बोर्ड सुरू होतानाच ‘सीपीयू फॅन एरर’ म्हणून थांबतो. तुमच्याकडे त्या जागी पंखे बसलेत. पंखे मेले तर पाणी सावकाश तापेल. पंप मेला तर ब्लॉकमधलं पाणी जागच्या जागी उकडेल. कोणाची चौकशी आधी व्हायला हवी?

संत्रानगरी
काका, दंडवत. आजच अदलाबदल करतो.

कोकणी_कोळंबी
काका, पंप बंद पडला तर प्रोसेसर जळतो का हो?

निवृत्त_फिटर
ते या पोरांना विचारा, मला मोटारी कळतात.

टॅको
जळत नाही. हल्लीचे प्रोसेसर आणि कार्डं आधी स्वतःचा वेग पाडतात, तरी भागलं नाही तर बंद होतात. भीती पाण्याची आणि नळ्यांची. डी५ ला पाण्याची मर्यादा साधारण ६० अंश सांगतात, आणि पीईटीजी प्लास्टिकच्या कडक नळ्या त्या सुमाराला मऊ पडायला लागून फिटिंगमधून सरकू शकतात. नागपुरात असाल तर अ‍ॅक्रिलिक किंवा काळी ईपीडीएम रबरी नळी बरी.

मंद्र_सप्तक
पीडब्ल्यूएमचा सिग्नल तुटला तर डी५ पूर्ण वेगानं फिरतो, त्यामुळे तारेची काळजी नाही.

नळकोंडाळं
असहमत. सिग्नल नसेल तर ६० टक्क्यांवर फिरणारे डी५ मी स्वतः हाताळलेत.

मंद्र_सप्तक
माझा तर गर्जत होता.

टॅको
दोघंही बरोबर. आतली मोटर एकच असली तरी विकणारे अनेक आहेत आणि ती सेटिंग वेगवेगळी येते. पंप पाण्यानं भरलेला असताना पीडब्ल्यूएमची तार काढून आरपीएम बघायचा, वाद मिटला. कोरडा मात्र चालवू नका, त्याच्या बेअरिंगला पाणीच वंगण असतं.

पंख्यांचं मात्र ठरलेलं आहे. इंटेलच्या चार तारांच्या नियमाप्रमाणे सिग्नलची तार मोकळी सुटली तर पंख्यानं पूर्ण वेगात जायचं. पण घरी बनवलेला कंट्रोलर अडकून त्याची पिन शून्यावर चिकटली तर ती तार ‘मोकळी’ नसते, पंख्याला तो ‘मंद फिर’ असा हुकूम वाटतो. हौशी लोक इथेच फसतात.

अर्डुइनो_अण्णा
हौशी लोकांना बोलावलंत, आलो! :)

अर्डुइनो नॅनो (प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड) वापरून करता येतं. नुसतं अ‍ॅनालॉगराइट वापरलं तर ४९० हर्ट्झ मिळतात आणि पंखे कण्हतात. टायमर १ फेज-करेक्ट मोडमध्ये टाकून आयसीआर१ ला ३२० द्या. १६ मेगाहर्ट्झ भागिले ६४०, बरोब्बर २५ किलोहर्ट्झ, ९ आणि १० नंबरच्या पिनांवर. टॅकोला पुलअप रेझिस्टर लावा. दर फेरीला दोन पल्स येतात, म्हणून हर्ट्झ गुणिले ३० म्हणजे आरपीएम. ताईंनी सांगितलेल्या अडचणीला वॉचडॉग टायमर (प्रोग्राम अडकला की बोर्ड रिसेट करणारा) चालू ठेवायचा. रिसेट झाला की पिन इनपुट होते, म्हणजे मोकळी, आणि पंखे वर जातात. सगळं मिळून हजाराच्या आत.

मुंबईची_संपादिका
अण्णा, हजाराच्या आत, अधिक तुमचे चार शनिवार-रविवार. क्लायंटची फाइल सोमवारी द्यायची असेल तर विकतचंच बरं.

अर्डुइनो_अण्णा
शनिवार-रविवार मला बायकोच वेगळी खोली देऊन देते.

बव्हेरियातला_बंड्या
विकतच्यांपैकी अ‍ॅक्वाकॉम्प्युटरचा क्वाड्रो बघा. पंख्यांचे चार चॅनेल, तापमानाचे चार सेन्सर, फ्लो मीटरची एक जागा. जास्त चॅनेल हवेत तर ऑक्टो, त्यात पंख्यांचे आठ. वीज साटामधून, आणि बोर्डच्या आतल्या यूएसबी २.० हेडरला एक तार. अ‍ॅक्वासूट नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये एकदा सेट केलं की सेन्सर आणि कर्व्ह डब्यातच राहतात. विंडोज गोठलं तरी पंखे पाण्याकडे बघून चालत राहतात, पैसे त्याचेच द्यायचे. खटकणारी गोष्ट म्हणजे ठरावीक मुदतीनंतर सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्यांचे पैसे मागतात.

कंपनी इथलीच, जर्मनीतली. डिसेंबरात पुण्याला येतोय, आणू शकतो. एवढ्यासाठी सगळ्यांनी मला व्यनि (खासगी निरोप) करू नका प्लीज.

चहाबाज
बंड्या, मला एक क्वाड्रो, दोन ऑक्टो, आणि आमच्या हिच्यासाठी ते जर्मन हँडक्रीम. बदल्यात बाकरवडी.

पेंग्विनभाऊ
क्वाड्रो, ऑक्टो, डी५ नेक्स्ट (त्याच कंपनीचा पंप) यांना लिनक्सच्या कर्नेलमध्येच ड्रायव्हर आहे, अ‍ॅक्वाकॉम्प्युटर_डी५नेक्स्ट नावाचा. डी५ नेक्स्ट ५.१५ पासून आला, बाकीची भावंडं नंतर. एलएम-सेन्सर्समध्ये तापमान आणि फ्लो दिसतो. कॉर्सेअरचा कमांडर प्रो वगैरे कंट्रोलर असेल तर लिक्विडसीटीएल हे सॉफ्टवेअर आहे. पण कर्व्ह डब्यात भरायला एकदा तरी विंडोज लागतं, हे आमचं दुखणं.

मुंबईची_संपादिका
मी विंडोजवर फॅन कंट्रोल नावाचं फुकट सॉफ्टवेअर वापरते. दोन कर्व्ह करून त्यातला मोठा आकडा घे असं सांगता येतं, म्हणजे सीपीयू किंवा कार्ड, जे जास्त तापलंय ते. आणि प्रतिसादाला सेकंदांचा उशीर देता येतो. पाण्याचा सेन्सर घ्यायच्या आधी माझं त्यावरच भागत होतं. संत्रानगरी, क्वाड्रो येईपर्यंत एवढं तरी करा. कार्डाचं तापमान त्याला दिसतं, त्यामुळे तुमचा निम्मा प्रश्न फुकटात सुटेल.

पेंग्विनभाऊ
फक्त विंडोज डिफेंडर मध्येच किंचाळला तर दचकू नका. अशी बरीच सॉफ्टवेअरं विनरिंग०चा ड्रायव्हर वापरायची, त्यात सुरक्षेचं छिद्र आहे म्हणून २०२५ मध्ये डिफेंडरनं तो पकडायला सुरुवात केली. नवी आवृत्ती घ्या. अपवादाच्या यादीत टाकून मोकळे होऊ नका.

कोकणी_कोळंबी
बघा! मी म्हणालो नव्हतो, अपडेट येणार म्हणून?

मंद्र_सप्तक
आता मूळ प्रश्नातल्या ४० अंशांकडे या. पाण्याच्या नुसत्या तापमानावर कर्व्ह बांधला तर नागपुरात पंचाईत होईल. डिसेंबरात खोली १८, मे महिन्यात ४०. ‘पाणी ४० ला गेलं की पंखे फुल्ल’ असं लिहिलंत तर मे महिन्यात मशीन रिकामं असतानाही पंखे बोंबलतील, आणि पाणी खोलीपेक्षा गार काही होणार नाही.

म्हणून दोन सेन्सर: एक पाण्यात, एक रेडिएटरच्या हवा आत येण्याच्या बाजूला लटकवलेला. कर्व्ह या दोघांच्या फरकावर. अ‍ॅक्वासूटमध्ये असा आभासी सेन्सर करता येतो. माझा फरक ५ अंशांपर्यंत असेल तर पंखे ६०० आरपीएम, १० ला १०००, १५ च्या पुढे फुल्ल. खाली येताना दीड-दोन अंशांचं हिस्टेरिसिस, म्हणजे तेवढं आणखी उतरल्यावरच पंखे मंद होतात. १२० मिलिमीटर रेडिएटरमागे १०० वॉट आणि हजारेक आरपीएम धरले तर फरक साधारण १० अंश राहतो असा ठोकताळा आहे. तुमचे सहा पंखे, म्हणजे पूर्ण लोडला ११-१२ अंश. जमतंय.

आणि दोन रेडिएटरचे पंखे अगदी थोड्या फरकाच्या वेगात ठेवू नका. ९८० आणि १००० आरपीएम मिळून घूं... घूं... अशी लाट येते. संपादिकाताई ओळखतील.

मुंबईची_संपादिका
ओळखते म्हणजे, तिचा रागच आहे मला.

निवृत्त_फिटर
फरकावर चालवा, पण वरची मर्यादा फरकावर ठेवू नका. ती पाण्याच्या खऱ्या तापमानावर. खोली ४३ आणि फरक १२ असेल तर पाणी ५५. फरक म्हणेल सगळं आलबेल आहे. ५५ ला पंखे फुल्ल आणि भोंगा, ५८ ला मशीन बंद. सोपं ठेवा.

पीआयडीच्या (ठरलेलं तापमान गाठायला वेग सतत जुळवणाऱ्या गणिताच्या) नादी लागू नका. सॉफ्टवेअरमध्ये तो पर्याय असतो, मोह होतो. पाणी सावकाश बदलतं आणि गुणांक चुकले की पंखे हेलकावे खात बसतात. सरळ रेषेचा कर्व्ह पुरतो.

विदर्भकन्या
अवांतर: नागपूरकरांनी रिझर्व्हायर माठात ठेवावा. हाय काय न् नाय काय. माठातलं पाणी मे महिन्यातही गार असतं.

नळकोंडाळं
ताई, हसू नका कोणी, भौतिकशास्त्र त्यांच्या बाजूनं आहे. रेडिएटर पाण्याला खोलीच्या खाली नेऊ शकत नाही, बाष्पीभवन नेऊ शकतं. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात डेझर्ट कूलर त्यावरच चालतो. पण ६८० वॉट नुसत्या बाष्पीभवनानं घालवायचे तर तासाला लिटरभर पाणी उडवावं लागेल. साधा माठ तासाला एवढं उडवत नाही. आणि उडतं ते शुद्ध पाणी, क्षार मागे राहून ब्लॉकच्या खाचांत बसतात.

विदर्भकन्या
म्हणजे रांजण घ्यावा लागेल. बरं.

घरचाच_मेकॅनिक
पाण्यावरून आठवलं. लूपमध्ये इन्व्हर्टरच्या बॅटरीचं पाणी घातलं तर चालतं का? दुकानात पाच लिटरचा कॅन स्वस्त मिळतो.

नळकोंडाळं
बाटलीवर डिमिनरलाइज्ड किंवा डिस्टिल्ड लिहिलेलं आणि सीलबंद असेल तर चालतं. मात्र सुट्टं, हंड्यातून ओतून देतात ते नको. आणि नुसतं पाणी ठेवू नका, शेवाळ धरतं. जंतुनाशक आणि गंजरोधक असलेलं तयार मिश्रण पाण्यात घाला. लूपमध्ये तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम एकत्र येऊ देऊ नका, अ‍ॅल्युमिनियम झिजतं, गंजरोधकानं ती झीज फक्त मंदावते. स्वस्त रेडिएटर घेताना हे नीट वाचा.

चहाबाज
वाखुसा (वाचनखूण साठवली). माझ्याकडे लॅपटॉप आहे, पण वाखुसा.

संत्रानगरी
धागा वर आणतोय.

क्वाड्रो आला. (बंड्याभाऊंच्या मित्राकरवी. बंड्याभाऊ, संत्र्याची बर्फी पोचली असेल.) फ्लो मीटर आणि दोन सेन्सरही घेतले. मांडणी अशी: वरच्या रेडिएटरचे तीन पंखे पहिल्या चॅनेलवर, समोरचे तीन दुसऱ्यावर, पंपाची पीडब्ल्यूएमची तार तिसऱ्यावर. काकांनी सांगितल्याप्रमाणे पंपाची टॅको तार मात्र कनेक्टरमधून सोडवून बोर्डच्या सीपीयू फॅन हेडरवर नेली. पिन पातळ सुईनं दाबून निघते, घाई करू नये.

एक अडचण आली, ती लिहून ठेवतो. बोर्डवर आतले यूएसबी २.० हेडर दोनच, त्यातला एक पुढच्या पॅनेलनं आणि दुसरा आरजीबीच्या (रंगीत दिव्यांच्या) डब्यानं खाल्लेला. आरजीबी काढलं. मुलगा नाराज आहे.

काल खोली ३९ होती. नुसत्या कार्डावरचा लांब रेंडर: पाणी ४७, पंखे ८०० च्या आसपास एकाच सुरात, कार्ड ६१-६२. फ्लो तासाला १९० लिटर, म्हणजे मिनिटाला ३ च्या किंचित वर, पंप २९०० ला. ब्राउझर उघडून बघितला, पंख्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. सीपीयू रेंडरमध्ये अजून ९५ ला जातो.

नळकोंडाळं
झकास! सीपीयूचं ९५ नको वाटत असेल तर बायोसमध्ये १०५ वॉटचा इको मोड लावा. नाव १०५ चं असलं तरी सीपीयू २३० ऐवजी १४२ वॉट घेईल, तापमान धाडकन उतरेल. रेंडर थोडा लांबेल, पण बिलही उतरेल.

टॅको
पहिल्या दोन चॅनेलवर प्रत्येकी तीन पंखे आहेत तर आरपीएमचा आकडा उड्या तर मारत नाही ना? स्प्लिटरमध्ये एकाच पंख्याची टॅको तार पुढे जायला हवी. तिन्ही गेल्या तर पल्स एकमेकांत मिसळतात.

संत्रानगरी
नाही ताई, स्प्लिटरच्या दोन शेपट्यांना तिसरी पिनच नाहीये. आकडा स्थिर आहे.

निवृत्त_फिटर
भोंगा लावला का? आणि लावला असेल तर वाजतो का ते बघितलं का? न वाजवून बघितलेला भोंगा म्हणजे भिंतीवरचं चित्र.

अजून एक. एनटीसी गरम झाला की त्याचा रोध कमी होतो. तार तुटली तर रोध अनंत, म्हणजे खूप गार. कंट्रोलर जुन्या वळणाचा असेल तर पाणी बर्फ झालंय असं समजून पंखे मंद करेल. एकदा सेन्सरची पिन काढून तो काय करतो ते बघून ठेवा.

चहाबाज
काका, भोंगा वाजवून बघायला पाणी ५५ पर्यंत तापवायचं? त्यापेक्षा सुटा सेन्सर चहात बुडवा.

संत्रानगरी
चहाबाज, गंमत नाही, तेच केलं! सुटा प्रोब पाण्याच्या सेन्सरच्या जागी जोडला आणि वाफाळत्या कपात सोडला. एचडब्ल्यूइन्फो या तापमान दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये अलर्ट लावला होता, ५५ ला आवाज आणि ५८ ला शटडाउनची कमांड. ५५ ला पंखे उसळले, आवाज झाला, आणि मशीन बंद. पिन काढल्यावर अ‍ॅक्वासूटमध्ये सेन्सरच्या जागी आकडाच दिसेनासा झाला. तेव्हा पंख्यांनी काय करावं याची वेगळी सेटिंग शोधून १०० टक्के ठेवली.

निवृत्त_फिटर
शाब्बास. आता दर उन्हाळ्याच्या सुरुवातीला एकदा.

चहाबाज
तो चहा नंतर प्यायलात का?

संत्रानगरी
प्रोब निळ्या कूलंटच्या लूपमधून काढलेला नव्हता, नवीन होता. प्यायलो.

नवखा_नाशिककर
उशिरा आलोय. माझ्याकडे बाजारातला तयार सीलबंद एआयओ (पंप, ब्लॉक, रेडिएटर जोडूनच येणारा वॉटर कूलर) आहे, २४० चा. हे सगळं त्याला लावता येईल का?

नळकोंडाळं
पंपाला शक्यतो हात लावू नका, कंपनीनं सांगितलेल्या वेगावर सोडा. एआयओला मोकळा पोर्ट नसतो, त्यामुळे बुचवाला सेन्सर बसत नाही. पण काही एआयओ पाण्याचं तापमान स्वतःच यूएसबीवरून सांगतात. मॉडेल लिहा, तुमचा सांगतो का ते बघू.